पिटनपोलच्या फासळ्या : सोलापूरच्या हवेत लाकडी पंखाची सुरुवात

पिटनपोल एअर कँपर या लाकडी विमानाच्या पंखाच्या सगळ्या फासळ्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या लाकडी चौकटी, फेब्रुवारी २०२५मध्ये हातावेगळ्या झाल्या. नकाशे मागवले होते ऑगस्ट २०२३मध्ये. मधल्या काळातला मोठा भाग गेला तो लाकूड निवडण्यात, पार्सल सोडवण्यात आणि आपल्याकडच्या हवेत गोंद नीट धरतो की नाही हे तपासण्यात. फासळ्या बांधणं त्या मानाने सोपं. या विमानाबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, पण लिहिणारे बहुतेक थंड प्रदेशातले, तळघरात हीटर लावून काम करणारे. अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी हेच काम कसं होतं, हे कुठे सापडलं नाही. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, विजापूर या पट्ट्यात कोणी असं काही मनात धरून बसलं असेल, तर त्याचे निदान पैसे आणि हंगाम वाचावेत.

आधी विमानाविषयी. बर्नार्ड पिटनपोल यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, चेरी ग्रोव्ह या खेड्यात १९२९च्या सुमारास हे विमान उभं केलं. दोन माणसं एकामागे एक, त्यांच्या डोक्यावर एकच सलग पंख आणि पुढे फोर्ड मॉडेल-ए मोटारीचं ४० अश्वशक्तीचं इंजिन. नकाशे अजूनही पिटनपोल कुटुंबाकडून मिळतात. दुसरे पर्यायही पाहिले होते. क्रिस हाइन्ट्झ यांची झेनिथ सीएच ७०१ आणि ७५० ही विमानं ६०६१-टी६ अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आणि पॉप रिव्हेटची. उष्णता आणि ओल या दोन्हींची चिंता तिथे कमी, पण टेस्ट सर्टिफिकेटसह चार-पाच पत्रे किरकोळीत देणारा व्यापारी जवळपास मिळत नाही. बर्ट रुटान यांचं लाँग-ईझी फोम आणि काचतंतूंचं आहे, तिथे सगळा भार रेझिनवर आणि उन्हाळ्याचा प्रश्न आणखी अवघड. इव्हान्स व्हीपी-१ साधं आहे, लाकडीही आहे, पण एकाच माणसाचं. लाकडाचा मोठा फायदा असा की माल चांगला आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं, आणि शंका आली तर तुकडा मोडून बघता येतो.

फासळ्यांपासून सुरुवात करण्याला कारण आहे. इंजिन कोणतं लावायचं, यावर विमानाचं नाक किती लांब आणि पंख किती मागे-पुढे हे ठरतं. फासळीला त्याचं सोयरसुतक नसतं. लाकूड थोडं लागतं, जागा एका टेबलाची पुरते, आणि हे काम आपल्याला जमणार की नाही हे कमी खर्चात कळतं.

परवानगीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. घरी बांधलेलं असलं तरी विमानाला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी, म्हणजे व्हीटी-ने सुरू होणारं चिन्ह, आणि उड्डाणाची परवानगी लागते. १ जानेवारी २०२५पासून जुन्या १९३४च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला आहे. त्यात विमानाच्या निर्मितीबरोबर आरेखनही आलं आहे. म्हणून मोठी जोडणी सुरू होण्याआधीच पत्रव्यवहार सुरू ठेवावा. मी पत्रासोबत विमानाचं नाव, तीन बाजूंचं चित्र, वजनांचा तक्ता, कामाच्या जागेचा पत्ता आणि नोंदवहीचा नमुना जोडला आणि पोच जपून ठेवली. किती धीर धरावा लागतो याचा अंदाज हवा असेल, तर कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी झाली २०१७च्या अखेरीस आणि उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९मध्ये. नोंदवही पहिल्या तुकड्यापासून ठेवली नाही, तर पुढे कोणत्याच तपासणीत सांगायला काही उरत नाही.

आता लाकूड. नकाशात सिटका स्प्रूस आहे. ते परदेशातून आणायचं म्हणजे प्लांट क्वारंटाइन आलं, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (लाकडात कीड-रोग नसल्याचा दाखला) आलं, आणि लांब पार्सलचं भाडं आलं. स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यासाठी, हे करावं लागेल, फासळ्यांसाठी गरज नाही. डग्लस फर आपल्याकडच्या वखारींत मिळतं. ताकदीला ते स्प्रूसपेक्षा सरस आहे आणि विमानदुरुस्तीच्या अमेरिकन नियमावलीत पर्याय म्हणून मान्य आहे. मात्र वजन जास्त, आणि खिळा मारताना चिरण्याची खोड आहे.

किती घ्यायचं, याचा हिशेब. फासळीची लांबी ६० इंच, म्हणजे १,५२४ मिमी. पट्टीचा छेद पाव इंच गुणिले अर्धा इंच. एका फासळीला वरची, खालची, उभ्या आणि तिरप्या काड्या मिळून सुमारे १६ फूट पट्टी लागते. तीसेक फासळ्या आणि थोडी नासधूस धरून ५५० फूट. निव्वळ लाकूड अर्धा घनफूटसुद्धा भरत नाही. पण करवतीच्या भुश्यात जवळपास तेवढंच जातं, आणि निवडीत घेतलेल्यातला दोन तृतीयांश भाग बाद होतो. म्हणून तीन घनफूट घेतलं, ₹२,४०० घनफुटाने.

निवडताना चार गोष्टी बघायच्या. टोकाच्या छेदावर एका इंचात निदान सहा वर्षकडी (झाडाच्या वाढीची वर्तुळं) हव्यात. त्या कडी रुंद बाजूला शक्यतो काटकोनात हव्यात. तंतूंच्या रेषेचा उतार १५ इंचांत एका इंचापेक्षा जास्त नको. आणि आडवी, केसासारखी चीर कुठेही नको, कारण ती झाड पडताना दाबाने तुटलेल्या तंतूंची खूण असते. अशी फळी वरून कितीही सुंदर दिसली तरी बाद. रेषेचा उतार पृष्ठभागावरून नेहमी कळत नाही. त्यासाठी टोकाचा तुकडा पटाशीने फोडायचा. तो जिकडे फाटत जाईल, ती खरी रेषा. वखारवाले एक-एक फळी उलटीपालटी करताना बघून म्हणाले, "मालक, दार-खिडकीला चालतंय की हे सगळं." दाराला चालतं, खरं आहे. त्यांना काम समजावून सांगितलं आणि निवडीचे म्हणून घनफुटामागे थोडे जास्त देऊ केले, तेव्हा त्यांनी मागचा थप्पाही उघडून दिला. हे आधीच बोलून घ्यावं.

पट्ट्या फर्निचरच्या कारखान्यात टेबल-करवतीवर पाडून घेतल्या. मिस्त्रींना 'दोन सूत बाय चार सूत' सांगितलं की ते बरोबर समजतात, पण त्यांच्या सुतात अर्ध्या मिलीमीटरचा फरक सहज चालतो. इथे तो चालत नाही. पट्टी जाड-बारीक झाली की वरची गसेट (सांध्यावर चिकटवायचा पातळ प्लायचा तुकडा) एका काडीला चिकटते आणि दुसरीवर पोकळी राहते. म्हणून ६.३५ आणि १२.७ मिमी हे आकडे कागदावर लिहून दिले, व्हर्निअर सोबत ठेवला आणि ०.१ मिमीच्या आत-बाहेर गेलेल्या पट्ट्या वेगळ्या केल्या. पाडणावळ आणि रंधा मिळून ₹२,५००.

गसेटसाठी दीड मिलीमीटरच्या आसपासचा, विमानाच्या दर्जाचा बर्च प्लाय आणि चिकटवण्यासाठी टी-८८ इपॉक्सी हे दोन्ही ऑक्टोबर २०२३मध्ये परदेशातून मागवले. एका फासळीला दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण ११० चौरस इंच गसेट लागतात. सगळ्यांना २३-२४ चौरस फूट. चार बाय चार फुटांचे दोन तक्ते पुरतात. ते अख्खे मागवू नका. कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतं. लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागलं की आकारमानाचं वजन किलोत येतं. अख्ख्या तक्त्याचं ते नऊ किलोच्या घरात जातं, शिवाय मोठ्या पार्सलचे वेगळे जादा पैसे. विक्रेत्याला दोन बाय दोन फुटांचे तुकडे करायला सांगितलं की पार्सल चार-साडेचार किलोत बसतं, आणि गसेटला त्याहून मोठा तुकडा लागतच नाही.

कस्टम्समध्ये पार्सल थांबलं ते कागदांसाठी. आधार आणि पॅनची केवायसी, पैसे भरल्याचा पुरावा, मालाचं सविस्तर वर्णन आणि इपॉक्सीची सुरक्षा-पत्रिका, म्हणजे एमएसडीएस, एवढं मागितलं गेलं. ही पत्रिका पार्सल निघण्याआधीच विक्रेत्याकडून घेऊन ठेवावी, नाहीतर प्रत्येक ई-मेलला दोन-तीन दिवस जातात. बिलावर 'विमानाचे सुटे भाग' असं मोघम लिहून येऊ देऊ नका. प्लाय हा प्लाय म्हणून, जाडी आणि लाकडाच्या जातीसह, आणि गोंद हा गोंद म्हणून लिहिलेला हवा. वर्णन मोघम असलं की वर्गीकरणाचा वाद होतो आणि पार्सल पडून राहिल्याचं भाडं आपल्या माथी बसतं. माल ₹३८,०००, कुरिअर ₹१४,५००, शुल्क आणि कुरिअरची हाताळणी ₹१५,२००. हातात आला जानेवारी २०२४मध्ये. २०२५पासून प्लायवूडवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) गुणवत्ता आदेशाची सक्ती आली आहे. त्यामुळे आता मागवणाऱ्याने आधी कस्टम्स ब्रोकरशी बोलून घ्यावं.

बाजारातला पातळ प्लाय वापरून हा खर्च टाळता येईल का, हे आधी पाहिलं होतं. नमुन्याचा तुकडा अंधारात टॉर्चसमोर धरला की आतल्या थरातल्या फटी उजेडाच्या रेघांसारख्या दिसतात. शिवाय तीन तास पाण्यात उकळल्यावर थर सुटले. तो विषय तिथेच संपला.

जिगसाठी, म्हणजे फासळी ज्यात बसवून जोडायची त्या साच्यासाठी, १८ मिमीची सपाट फळी घेतली. फासळीचा पूर्ण आकाराचा नकाशा मोठ्या प्रिंटरवर काढून फळीवर चिकटवण्याचा मोह होतो. पण छापलेल्या कागदावर टेप धरून बघा. १,५२४ मिमीची रेघ दोन-तीन मिमी इकडे-तिकडे भरते, आणि कागद दमट हवेत आणखी ताणतो. त्यापेक्षा नकाशातले अंतर-उंचीचे आकडे घ्यावेत, पोलादी पट्टीने फळीवर एकेक बिंदू मांडावा, प्रत्येक बिंदूवर बारीक खिळा ठोकून त्यांना टेकवून लवचीक पट्टी वाकवावी आणि तिच्या कडेने रेघ ओढावी. रेघेवर कुठे फुगवटा किंवा खोलगट दिसलं, तर तो आकडा वाचण्यात किंवा मांडण्यात चूक आहे. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना सागाचे ठोकळे स्क्रूने बसवले आणि जिथे जिथे सांधा येतो तिथे फळीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे फासळी जिगला चिकटत नाही. दोन्ही स्पारच्या जागी स्पारच्या मापाचे ठोकळे बसवले, मापापेक्षा अर्धा मिलीमीटर मोठे. ही सैल जागा महत्त्वाची आहे. व्हार्निश आणि पावसाळ्यातली फुगवट दोन्ही तिच्यात सामावतात.

वरच्या पट्टीचा पुढचा भाग बराच वाकतो. कोरडी पट्टी वाकवली की मोडते. जीआय पाइपात वाफ धरून पंधरा-वीस मिनिटं पट्टी ठेवायची आणि बाहेर काढताच वेगळ्या साच्यात आवळायची. तिथे ती निदान दोन दिवस राहू द्यायची, कारण ओल्या लाकडावर इपॉक्सी नीट धरत नाही. डग्लस फरमध्ये दहातल्या एक-दोन पट्ट्या इथे चिरतात, त्या धरूनच लाकूड घ्यावं.

गोंदाची तपासणी फेब्रुवारी ते मे २०२४ चालली. या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. सुताराचा पांढरा गोंद इथे चालत नाही, कारण सतत भाराखाली तो हळूहळू सरकतो आणि ओलीने मऊ पडतो. रिसॉर्सिनॉल हा गोंद उष्णतेला आणि पाण्याला उत्तम, पण त्याला अगदी फटरहित सांधा आणि भरपूर दाब लागतो. तो गसेटवर सगळीकडे सारखा देणं कठीण आहे. म्हणून टी-८८. हे दोन भागांचं इपॉक्सी आकारमानाने सारखं किंवा वजनाने १००ला ८३ मिसळायचं. एका फासळीच्या एका बाजूला दहा-बारा ग्रॅमच लागतं, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने मिसळू नये. सोनाराच्या काट्यासारखा ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यावा.

थंड प्रदेशातले लोक पाऊण तासाच्या कामाच्या वेळेवर निवांत असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेळ साधारण निम्मा होतो. एप्रिलमध्ये ३८ अंशांना कपातला गोंद वीस मिनिटांत दोरी धरू लागतो, आणि कप खोल असेल तर स्वतःच्याच उष्णतेने आणखी लवकर. तो पसरट ताटलीत पातळ ओतावा आणि काम सकाळी साडेआठच्या आत उरकावं.

तपासणीसाठी फासळीच्याच लाकडाचे तुकडे आडवे-उभे चिकटवले. काही सकाळच्या गारव्यात, काही दुपारी, काही गोंद लावून अर्धा तास उघडा ठेवून मग जोडलेले. आठवडाभराने शिकंज्यात धरून पाचर मारून ते फोडले. चांगल्या सांध्यात फुटलेल्या दोन्ही बाजूंवर लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसतात, फिकट, खरबरीत, सगळ्या क्षेत्रावर. सांधा वाईट असेल तर गोंदाचा तुकतुकीत, पिवळसर थर एका बाजूवर तसाच राहतो आणि समोरच्या बाजूला त्याचा गुळगुळीत ठसा. उघडे ठेवलेले दुपारचे तुकडे असेच सुटले. वरच्या थरावर साय धरलेली होती, बोटाला चिकट लागत होतं, तरी पकड गेलेली. म्हणजे बोटाने तपासून भागत नाही.

मग ऊन. मेमध्ये दुपारी अडीचला काळा रंग दिलेल्या प्लायच्या तुकड्याचं तापमान ७६ अंश भरलं, शेजारच्या पांढऱ्याचं ५२. हे इपॉक्सी खोलीच्या तापमानाला सुकणारं आहे आणि उष्णतेने मऊ होतं. ओव्हनमध्ये तासभर ६५ अंशांना ठेवून गरम असतानाच फोडलेल्या काही तुकड्यांत लाकडाऐवजी गोंदाची रेघ सुटली. ५५ला लाकूडच फाटलं. तेच तुकडे थंड झाल्यावर पुन्हा लाकडातून तुटले. चिकटवल्यानंतर काही दिवस शेडमध्ये ४५ अंशांपर्यंत तापू दिलेले तुकडे गरम तपासणीत जास्त टिकले, कारण उबेत इपॉक्सी अधिक पूर्ण सुकतं. यावरून दोन गोष्टी ठरल्या. आपल्याकडे लाकडी विमान पांढरंच रंगवायचं आणि ते उन्हात उघड्यावर उभं करायचं नाही. यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

दुसरा शत्रू ओलावा, आणि तो जास्त छुपा आहे. लाकूड हवेतली आर्द्रता घेतं-सोडतं. चिकटवताना त्यात ८ ते १२ टक्के पाणी असावं असं धरतात. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते आणि लाकूड पाच टक्क्यांपर्यंत सुकतं. पावसाळ्याच्या सकाळी आर्द्रता ऐंशीच्या वर जाते आणि तेच लाकूड पंधराला पोहोचतं. दहा टक्क्यांच्या या फरकाने पाऊणेपाच इंच रुंदीचा स्पार जवळपास २ मिमी फुगतो किंवा आटतो. मेमध्ये चिकटवलेला सांधा पावसाळ्यात ताणला जातो, ऑगस्टमध्ये चिकटवलेला उन्हाळ्यात. मधली स्थिती मिळते ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, आणि तेव्हा तापमानही गोंदाला मानवणारं असतं. म्हणून मी चिकटवण्याचं सगळं काम त्या पाच महिन्यांसाठी राखलं, उन्हाळा तपासणीला दिला आणि पावसाळा कापणी आणि हत्यारांना. ओलावा मोजायचं टोचणीचं मीटर दीड हजारात मिळतं, पण त्याची खात्री करून घ्या. तुकडा तोला, १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, पुन्हा तोला. गेलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर.

अपवाद केला तो एका फासळीचा. जूनमध्ये एक फासळी बांधली ती मोडण्यासाठीच. पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन ४९० किलो धरलं आणि भार उचलणाऱ्या फासळ्या २८ धरल्या, तर सरळ उड्डाणात एकीवर साडेसतरा किलो येतात. ३.८ पट भार आणि त्यावर दीडपट सुरक्षितता धरली की १०० किलो होतात. फासळी उलटी करून स्पारच्या जागी आधार दिला, बाजूला कलंडू नये म्हणून दोन्हीकडे ढिल्या पट्ट्या लावल्या आणि वाळूच्या तोललेल्या पिशव्या टांगल्या. निम्म्याहून जास्त वजन पुढच्या तिसऱ्या भागात, मागे कमी कमी, कारण पंखावरचा भार तसाच पडतो. १०० किलोला तिने हूं की चूं केलं नाही. १४०च्या पुढे मागच्या स्पारजवळची तिरपी काडी बाजूला वाकून मोडली, गसेट जागच्या जागी राहिल्या. काडी मोडावी, सांधा नको, हेच बघायचं होतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये खरी बांधणी सुरू झाली. पट्ट्या जिगमध्ये बसवायच्या, टोकं सांध्याला तंतोतंत घासायची. गसेटचा प्लाय कारखान्यातून तुकतुकीत येतो, त्यावर १५० नंबरचा कागद हलका फिरवायचा. घासून झालं का हे पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब पसरला तर गोंद पसरेल, गोळा होऊन बसला तर अजून घासायचं. धूळ व्हॅक्यूमने ओढायची, ओल्या फडक्याने किंवा थिनरने पुसायची नाही. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावायचा आणि गसेट बसवून पॅकिंगच्या प्लॅस्टिक पट्टीवरून ६ मिमीच्या पिना मारायच्या. दुसऱ्या दिवशी पट्टी ओढली की पिना सोबत निघतात. डग्लस फर चिरत नाही आणि खिळ्यांचं वजनही वाचतं. दाबल्यावर कडेने गोंदाची बारीक, अखंड रेघ बाहेर यायला हवी. रेघ तुटली असेल तिथे आत पोकळी आहे. दुसऱ्या सकाळी फासळी काढायची, उलटायची, दुसऱ्या बाजूच्या गसेट. मग प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक, आणि वहीत तारीख, तापमान, आर्द्रता, गोंदाची खेप. दुसरी बाजू झाकण्याआधी फोटो. प्रत्येक खेपेचा एक जोडतुकडा नाव लिहून पिशवीत. तो आठवड्याने फोडायचा, आणि नापास झाला तर त्या दिवशीची फासळी बाद करायची. तयार फासळी २५० ग्रॅमच्या आसपास भरते. एखादी २८०च्या पुढे गेली तर गोंद जास्त झाला आहे.

व्हार्निशचे दोन हात दिले, तेही इपॉक्सी व्हार्निशचे. पुढे पंखावर कापड चिकटवायच्या द्रावणातला एमईके हा द्रावक साधं व्हार्निश उचलून टाकतो. स्पारला चिकटणारी जागा कोरी ठेवली.

या काळात इंजिनाचे भाव विचारायचा मोह वारंवार होतो. मी थांबलो आहे, आणि त्याला आपल्याकडची हवाच कारण आहे. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर आहे. ४२ अंशांच्या दुपारी इथली हवा पाच हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. मॉडेल-एच्या ४० अश्वशक्तीतल्या ३४ उरतात आणि दोन माणसं घेऊन ते पुरणार नाही. काँटिनेंटल ए-६५ हे इंजिन मिनिटाला २,३०० फेऱ्यांना ६५ अश्वशक्ती देतं, त्यातल्या ५५ उरतात. ते ७३ ऑक्टेनच्या इंधनासाठी बनवलेलं होतं, पण आता फक्त जुनंच मिळतं. रोटॅक्स ९१२ हलकं आहे, ८० आणि १०० अश्वशक्तीत येतं, पण कंपनीची मान्यता दहा टक्के इथेनॉलपर्यंतच आहे आणि आपल्या पंपांवर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आहे. शिशाचं अॅव्हगॅस १०० एलएल इंडियन ऑइलने २०२२पासून वडोदऱ्याला बनवायला घेतलं आहे. ते रोटॅक्सला चालतं, मात्र तेल लवकर बदलावं लागतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी मोजता येतं. १०० मिलीच्या मापन नळकांड्यात १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १०चा २८ झाला तर ते ई-२०. उघड्या जागेत, ठिणगी-विजेपासून दूर करा.

फासळ्यांचा एकूण खर्च ₹९०,०००. लाकूड ₹७,२००, पाडणावळ ₹२,५००, प्लाय-गोंद आणि त्यांची वाहतूक-शुल्क मिळून ₹६७,७००, जिग आणि किरकोळ सामान ₹४,६००, मोजमापाची साधनं ₹४,२००, व्हार्निश ₹३,८००. पाऊण हिस्सा पार्सलचा आहे. दोघातिघांनी मिळून मागवलं तर वाहतूक आणि हाताळणीचा भाग बराच खाली येईल.

तयार फासळ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत, एका बाजूने पीळ घेतात. दोन आडव्या नळ्यांवर, स्पारच्या भोकांतून ओवून टांगाव्यात, मध्ये बोटभर अंतर ठेवून. पत्र्याखाली नाही, स्लॅबच्या खोलीत. पुढचं काम स्पारचं. त्यासाठी स्प्रूसच मागवणार आहे, आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचा मजकूर विक्रेत्याकडून पैसे भरण्याआधी ब्रोकरला दाखवून घेणार आहे.